कामाचा ताण आणि प्रकृतीची काळजी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बदनापूर येथे केलेले भाषण)



मंडळाने आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही वैद्य नव्हे. आमचा जन्म खडू-फळ्यात गेला. तथापि जे स्वतः भोगले ते सांगावयास वैद्यकीची पदवी लागत नाही.

आपल्या बदनापुरातील कितीतरी तरुण जालन्यास वा छत्रपती संभाजीनगरास नोकरीसाठी जातात. कोणी सळयांच्या कारखान्यात, कोणी बियाण्यांच्या कंपनीत, कोणी बँकेत आहेत. मार्चअखेर आली, किंवा कापसाचा हंगाम भरात आला, की घरी त्यांची ताटे झाकून राहतात. असे दिवस प्रत्येक व्यवसायात यावयाचेच. ते कसे काढावे, एवढे मात्र आपल्या हाती असते.

सन 2011 च्या फेब्रुवारीत, 9 पासून 28 तारखेपर्यंत, जनगणनेचे काम होते. शाळा सांभाळून घरोघर फिरावयाचे आणि रात्री तक्ते पुरे करावयाचे. परीक्षाही तोंडावर आलेल्या. जेवणाऐवजी चहा आणि झोपेऐवजी पुन्हा चहा, असा आमचा क्रम झाला. आपण कधी रजा घेत नाही, याचे आम्हांस मोठे भूषण वाटे. घरातून “अहो, चार घास तरी खाऊन जा” असे म्हटले, तर आम्ही चिडत असू.

एके दिवशी वही दाखवावयास आलेल्या एका मुलावर आम्ही हात उचलला. त्याचा अपराध एवढाच, की त्याने आम्हांस मध्येच हाक मारली. तो रडला नाही. वही छातीशी धरून नुसता पाहत राहिला. त्याच सायंकाळी घरी परतताना आम्हांस वाटेत घेरी आली. रक्तदाब फार वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पुढे आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. परंतु त्याची ती नजर आम्ही अद्याप विसरलो नाही. आपल्या ताणाचा भार असा दुसऱ्यावर, बहुधा दुबळ्यावर, पडतो.

संकटसमयी हृदय जलद चालते, रक्तदाब चढतो. प्रसंग सरला की ते पूर्ववत होते. पण प्रसंग सरतच नसेल आणि झोपही मिळत नसेल, तर शरीर झिजू लागते. चिडचिड, विसर, अपचन, डोकेदुखी ही त्याची पहिली सूचना होय. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्यास 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 वा अधिक तास राबणाऱ्यांस पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो.

विश्रांती म्हणजे आळस, असे मानणाऱ्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण करावे. मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंडे यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली आणि 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली. इतक्या कष्टाने मिळालेला दिवस आपण मोबाइलवर साहेबांची उत्तरे देण्यात घालवावा काय?

उपाय साधेच आहेत. काम कितीही असो, दोन वेळचे जेवण चुकवू नये. सात तास झोप घ्यावी. सायंकाळनंतर चहा वर्ज्य करावा. रोज अर्धा तास चालावे. “एवढे होईल, एवढे होणार नाही” हे वरिष्ठांस नम्रपणे व वेळेवर सांगावे. मनातील ओझे घरी बोलून दाखवावे. झोप उडाली, मन उदास राहू लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. छातीत कळ आली, बोबडी वळली वा हात लुळा पडला, तर क्षणाचाही विलंब न करता 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्यांत दुकानदार व कारखानदारही आहेत. त्यांस विनंती की, हंगामातही नोकरमाणसास जेवणाची सुट्टी द्यावी आणि रात्री वेळेवर घरी सोडावे. आणि भगिनींनो, ताट झाकून वाट पाहणाऱ्या तुम्हांसही विश्रांती हवी, हे घरातील पुरुषांनी विसरू नये.

आम्ही हे उशिरा शिकलो. तुम्ही वेळीच शिकावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.