सार्वजनिक संशोधन, खासगी उद्योग आणि आपल्या अटी

(तुळिंज येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विद्यापीठांतील संशोधकांना उद्योग काढण्यास साह्य करावे की नाही, हा विषय तुळिंजमध्ये कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. येथे नळाला पाणी किती वेळ येते आणि सकाळच्या गाडीत पाय ठेवावयास जागा मिळते की नाही, हे प्रश्न अधिक जिव्हाळ्याचे आहेत. परंतु त्याच गाडीने परळच्या टाटा रुग्णालयाकडे रुग्णाला घेऊन निघालेली माणसेही जात असतात. त्या रुग्णालयात आणि पवईच्या आय.आय.टी.त जनतेच्या पैशातून जे ज्ञान निर्माण होते, ते कोणत्या मार्गाने आणि कोणत्या किमतीला त्या रुग्णापर्यंत पोहोचते, हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाइतकाच आपला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. प्राध्यापकाने कंपनी काढली की ज्ञानाचा बाजार मांडला, असे म्हणून नाक मुरडणे मला मान्य नाही. प्रबंध कपाटात पडून राहिला, म्हणजे समाजवाद साधला असे होत नाही. प्रयोगशाळेत परीक्षानळीत जे साधते, ते हजारो माणसांपर्यंत नेण्यासाठी मधला मोठा टप्पा ओलांडावा लागतो. मोठ्या प्रमाणावर उत्पादन जमवावे लागते, प्रत्येक खेपेची गुणवत्ता राखावी लागते, चाचण्या आणि सरकारी मान्यता मिळवाव्या लागतात. हे काम प्राध्यापकाच्या संशोधन-अनुदानात होत नाही. त्याला जागा, यंत्रे, पेटंटचा सल्ला आणि आरंभीचे भांडवल लागते.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली निघाला, तो उद्योगाशी नाते जोडूनच. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून कार्य करीत आहे. तिच्या आवारात २००७ साली ‘व्हेंचर सेंटर’ उभे राहिले. आय.आय.टी. मुंबईचे ‘साइन’ हे उद्योग-संगोपन केंद्र २००४ चे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या धोरणाने तर शिक्षणसंस्थांना अशा साह्याच्या मोबदल्यात नव्या कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेण्याची मुभा दिली. तेव्हा साह्य द्यावे की नाही, हा वाद संपलेला आहे. वाद आहे तो अटींचा.

एक उदाहरण घेऊ. रक्ताच्या काही कर्करोगांवर ‘कार-टी’ नावाचा उपचार आहे. रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी काढतात, त्यांच्यात एक नवे जनुक घालतात, त्यामुळे त्या कर्कपेशी ओळखू लागतात, आणि मग त्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. परदेशात या उपचाराला तीन ते चार कोटी रुपये पडतात. आय.आय.टी. मुंबईतील प्रा. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टर यांनी तो येथे विकसित केला. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान खात्याने चाचण्यांसाठी १९ कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाला. आय.आय.टी.तूनच निघालेल्या ‘इम्युनोॲक्ट’ या कंपनीला ऑक्टोबर २०२३ मध्ये विक्रीची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उपचाराचे लोकार्पण झाले. दरम्यान, २०२१ साली हैदराबादच्या एका औषध कंपनीने तिच्यात चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला होता.

या संशोधकांचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. किंमत परदेशाच्या दहाव्या हिश्शावर आली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु दहावा हिस्सा म्हणजे तरीही तीस लाख रुपयांच्या घरात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला मिळणारे संरक्षण पाच लाखांचे. तुळिंजमधील चाळीत राहणाऱ्या, वालीव किंवा सातिवलीच्या गाळ्यात यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला तीन कोटी आणि तीस लाख यांत फरक तो काय? दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेरचेच. आणि ज्या करातून ते १९ कोटी आले, तो कर काडेपेटीपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक खरेदीवर त्यानेही भरलेला असतो.

येथे दोष संशोधकाचा नाही. पैसा देताना जनतेने, म्हणजे तिच्या वतीने सरकारने, कोणत्या अटी घातल्या, हा खरा प्रश्न आहे. असे करार सहसा जनतेपुढे येतच नाहीत. कोव्हॅक्सिनचा अनुभव आठवा. विषाणू वेगळा केला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, आणि लस सरकारी वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने बनली. तरी पेटंटच्या अर्जात त्या परिषदेचे नाव नव्हते. २०२४ मध्ये बोभाटा झाल्यावर, ते अनवधानाने राहिले असे सांगून कंपनीने सह-अर्जदार म्हणून ते घातले. कागद आधी नीट झाला नाही, तर नंतर हक्क मागत फिरावे लागते, हा त्यातला धडा.

अटी घालता येतात, याला इतिहासाची साक्ष आहे. १९२३ साली इन्शुलिनच्या संशोधकांनी आपले पेटंट प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. अमेरिकेने १९८० च्या कायद्याने सरकारी पैशातील शोधांची मालकी विद्यापीठांना दिली आणि लोकहितासाठी हस्तक्षेपाचा अधिकार सरकारकडे ठेवला. परंतु औषधाच्या किमतीच्या कारणास्तव तो एकदाही वापरला गेला नाही. त्याच धर्तीचे विधेयक आपल्याकडे २००८ साली राज्यसभेत आले आणि २०१४ मध्ये मागे घेतले गेले. उलट आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील सक्तीच्या परवान्याची तरतूद २०१२ साली वापरली गेली, तेव्हा कर्करोगाच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून नऊ हजारांच्या आत आला. कायद्यातला अधिकार वापरला तरच तो अधिकार. न वापरलेला अधिकार भिंतीवरच्या तलवारीसारखा.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शोधाचा परवाना देतानाच सरकारी रुग्णालयांसाठी वेगळी, परवडणारी किंमत ठरावी. ठरावीक मुदतीत माल बाजारात आला नाही, तर परवाना परत घ्यावा. करार प्रसिद्ध व्हावेत. विद्यापीठाला मिळणारा नफ्याचा वाटा पुन्हा संशोधनात आणि गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत जावा. औषधांखेरीज इतर तंत्रज्ञानाचे परवाने एकाच बड्या कंपनीला न देता लहान कारखानदार आणि सहकारी संस्था यांनाही द्यावेत. वसईच्या पूर्वेकडील शेकडो गाळ्यांना नव्या तंत्राची गरज आहे. त्यांच्यासाठी विद्यापीठाचे दार बंद का असावे?

हे घडवून आणण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम आणि उद्योग-संगोपनासाठी स्वतंत्र संचालकाचे पद निर्माण केले, आणि त्याच कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडून देतात. आपल्या वस्तीतील किती पदवीधरांनी ही नोंदणी केली आहे? बहुतेकांना असा मताधिकार आहे, हेच ठाऊक नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहेच. विद्यापीठाने कोणाशी कोणते करार केले, हे एका साध्या अर्जाने विचारता येते.

तेव्हा या वर्गातून उठताना दोन कामे घेऊन जा. आपापल्या गल्लीतील पदवीधरांची यादी करून त्यांची नोंदणी करा, आणि विद्यापीठाकडे करारांची माहिती मागणारा पहिला अर्ज या महिन्यातच करा. उत्तर काय येते, त्यावर पुढच्या बैठकीत बोलू.