परसातले शेजारी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज मी फार मोठ्या विषयावर बोलणार नाही. आपल्या परसात, पडवीत आणि गडग्यात राहणाऱ्या शेजाऱ्यांविषयी दोन शब्द सांगणार आहे.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. कोकणातल्या आमच्या घरामागे लाकडांच्या राशीतून एक लांबलचक पिवळसर साप निघाला. ओरड झाली, काठ्या आल्या आणि पाच मिनिटांत तो निपचित पडला. शेवटचा घाव माझा, याचा मला कोण अभिमान! तो कोणता साप होता, हे मात्र एकानेही विचारले नाही. त्या पावसाळ्यात उंदरांनी आमची भाताची कणगी पोखरली. पुढे गुरुजींना मी सापाचे वर्णन सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, ती धामण! कणगीची राखणदार तुम्हीच मारलीत."

धामण बिनविषारी असते. उंदीर-बेडूक हे तिचे खाद्य. ती गाईचे पाय बांधून दूध पिते, तिच्या शेपटीत विष असते, असे आपल्याकडे सांगतात. पण सापाला दूध ओढून पिता येत नाही आणि शेपटीत विष मुळीच नसते.

आता दुसऱ्या एका मुलाची गोष्ट ऐका. मुंबईत 1896 साली जन्मलेल्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना सांगता येईना. पण त्यांनी त्याला गप्प बसवले नाही, तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्याला उघडून दाखविला. तो मुलगा म्हणजे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली.

मित्रहो, जीव त्यानेही घेतला आणि मीही. फरक एवढाच, की त्याने विचारले आणि मी विचारले नाही.

पालक म्हणतील, "साप विषारी असला तर?" प्रश्न रास्त आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष जीवघेणे असते. म्हणूनच सापाला डिवचू नये. दूर उभे राहून त्याला वाट द्यावी किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवावे. रात्री बत्तीशिवाय बाहेर पडू नये. मण्यार रात्री फिरते, म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी नीट खोचून घ्यावी. दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये आणि मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रोग्याला तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. सर्पविषावर लस हाच उपाय आहे.

विद्यार्थ्यांनो, एक वही करा. परसात दिसलेला पक्षी, सरडा, मुंगूस, फुलपाखरू तारखेसह तिच्यात लिहा. आणि पालकहो, मुलाने "हे काय?" असे विचारले, तर त्याला दटावू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे मुलाला न्या. त्या मामांनी याहून अधिक काही केले नव्हते.