पुढची पिशवी आणि मागचा पाइप

(प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा संक्षेप केला आहे.)

अध्यक्ष महोदय, व्यवस्थापन समितीचे सदस्य, आणि उपमा गार होण्याआधी मी आटोपेन अशी आशा बाळगून बसलेले माझे सर्व शेजारी,

जानेवारी हा रस्ता सुरक्षेचा महिना. सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, दहा मिनिटं बोला." मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, मोटारीचा तज्ज्ञ नाही. तरी हो म्हणालो, कारण या विषयात माझी दोनदा चूक झाली आहे. एकदा घरात आणि एकदा या सोसायटीचा खजिनदार म्हणून. पहिली चूक दुसऱ्या कुणीतरी वेळेवर थांबवली. दुसरी थांबवायला कुणी नव्हतं. दोन्ही सांगतो.

पहिली गोष्ट 2021 च्या दिवाळीतली. कोल्हापूरहून परत येत होतो. मुलगा गाडी चालवत होता. आमच्या सौ.चे गुडघे दुखतात म्हणून त्या पुढे, पाय लांब करून. मागे मी, सूनबाई आणि चार वर्षांचा नातू. साताऱ्याला चहा झाला आणि नातवाने भोकाड पसरलं, आजीच्या मांडीवर बसायचं म्हणून. मी म्हणालो, "बसू दे गं थोडा वेळ. आम्ही पोरं मांडीवर घेऊनच जग फिरलो." सूनबाई म्हणाली, "बाबा, पुढे एअरबॅग आहे. रडू दे त्याला." तिने त्याला त्याच्या खुर्चीत बांधला आणि मलाही मागच्या सीटचा बेल्ट लावायला लावला. मी लावला, पण तोंड फुगवून बसलो.

खंबाटकीचा बोगदा ओलांडला. शिरवळच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला. मुलानेही मारला, तरी आम्ही धडकलोच. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि गाडीत पांढरा धुरळा पसरला. मला वाटलं गाडी पेटली. तो धूर आगीचा नव्हता, पिशवी उघडताना उडणारी भुकटी आणि वायू होता. मुलाचा हात भाजल्यासारखा लाल झाला, बाकी तो ठीक होता. सौ.च्या मांडीवर चकल्यांचा स्टीलचा डबा होता. एअरबॅगने तो असा दाबला, की त्यांचं मनगट मोडलं.

मंडळी, डब्याच्या जागी माझा नातू असता. मी तसा हट्टच धरला होता. सूनबाईने त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर आज मी इथे बोलायला उभा राहिलो नसतो. तिने नंतर एकदाही "बघा, मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. म्हणून ते मी जाहीरपणे म्हणतो.

त्यानंतर मी या पिशवीची माहिती काढली. गंमत अशी, की तिचा जन्मही मुलाच्या काळजीतूनच झाला आहे. अमेरिकेत जॉन हेट्रिक नावाचे गृहस्थ 1952 मध्ये बायको आणि लहान मुलीला घेऊन फिरायला निघाले होते. गाडी रस्ता सोडून खड्ड्याकडे गेली, तेव्हा मुलगी डॅशबोर्डवर आपटू नये म्हणून दोघांनीही आपापले हात आडवे घातले. घरी परतताना त्यांच्या डोक्यात विचार आला, की हाताऐवजी एखादी उशी आपोआप पुढे आली तर? 1953 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. गाड्यांमध्ये ती सर्रास यायला मात्र पुढे अनेक वर्षं गेली. आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांना जुलै 2019 पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठी ती सक्ती 2021 मध्ये आली. म्हणजे आपल्या पार्किंगमधल्या ज्या गाड्या त्याआधीच्या आहेत, त्यांत एकच पिशवी असेल किंवा एकही नसेल. आपल्या गाडीत किती आहेत ते आज घरी गेल्यावर बघून घ्या.

काम कसं चालतं? भक्कम भिंतीवर ताशी पंधरा-वीस किलोमीटरने आदळावं इतका समोरून धक्का बसला, की सेन्सर इशारा देतो, आतलं रसायन पेटतं आणि वायूने पिशवी भरते. सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात. आपली पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पिशवी ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते आणि लगेच रिकामी होऊ लागते. लोकांना वाटतं ती मऊ उशी आहे. भरल्यावर ती उशी, पण भरत असताना तो ठोसा असतो. तिची जागा आणि आपली जागा यांत अंतर हवं, ते याच कारणाने. छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटं. आपल्याकडे कमी उंचीच्या बऱ्याच जणी स्टिअरिंगला अगदी खेटून बसतात. त्यांनी सीट जमेल तेवढी मागे घ्यावी, पाठ थोडी कलती करावी, दिसत नसेल तर सीट उंच करावी.

आणि बेल्ट. आम्ही कर्ज देताना जामीनदार घेत असू. पण कर्जदारच बोगस असेल तर नुसत्या जामीनदारावर कर्ज देत नसू. एअरबॅग जामीनदार आहे. मूळ जबाबदारी बेल्टची. बेल्ट नसला तर ब्रेक लागतानाच माणूस पुढे फेकला जातो आणि उघडणाऱ्या पिशवीवरच जाऊन आदळतो. काही जण सांगतात, बेल्ट नसेल तर एअरबॅग उघडतच नाही. सगळ्या गाड्यांत तसं नसतं, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

मागच्या सीटवरच्यांनी तर विशेष ऐकावं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी महागडी, एअरबॅग असलेली. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते. मागेही बेल्ट लावणं हा कायदा आहे, नाही लावला तर हजार रुपये दंड आहे. पण पोलीस पाहत नाही म्हणून आपण मागे बसून बेल्ट मांडीखाली दाबून ठेवतो.

परवा मी आपल्या पार्किंगमध्ये फेरी मारली. नऊ गाड्यांच्या डॅशबोर्डवर, पिशवीच्या झाकणावरच, काही ना काही चिकटवलेलं दिसलं. बाप्पा, अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड. बाप्पाला गाडीत जागा जरूर द्यावी, पण "एअरबॅग" अशी अक्षरं कोरलेल्या झाकणावर नको. झाकण उघडताना वरची वस्तू गोळीसारखी सुटते. तसंच, सीटमध्ये बाजूच्या एअरबॅग असतील तर बाजारातली घट्ट कव्हरं त्यांची वाट अडवतात. पुढे लोखंडी बंपर लावू नका. धक्क्याचं गणित त्याने बदलतं आणि पिशवी वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही. डॅशबोर्डवर पाय ठेवून कोणी बसू नये. मांडीवर डबा नको, हे आमच्या सौ. सांगतील. मूल मात्र नेहमी मागे, आणि बाळाची मागे तोंड करून बसवायची खुर्ची पुढच्या सीटवर कधीही नको.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा छोटा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. तो विझला नाही किंवा मुळात लागलाच नाही, तर यंत्रणेत बिघाड आहे. आमच्या अपघातानंतर एका गॅरेजवाल्याने सुचवलं, "काका, नवीन बॅगा महाग पडतील. नुसती झाकणं बसवतो आणि दिव्याचं बघतो." मुलाने साफ नकार दिला. पण अशा गाड्या पुढे विकल्या जातात. म्हणून सेकंडहँड गाडी घेताना अपघाताचा इतिहास विचारा आणि तो दिवा बघा.

इलेक्ट्रिक गाडीवाले आता निवांत बसले तरी चालेल, कारण पुढचा भाग धुराचा आहे.

मी खजिनदार असताना लाइट बिल वाढलं होतं. मी हिशेब मांडला, की तळघराच्या पार्किंगमधले हवा खेचणारे पंखे सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास लावले तर महिन्याला चांगली बचत होते. सर्वसाधारण सभेत टाळ्या पडल्या. त्याच सभेत दुसरा ठराव झाला, की ड्रायव्हर मंडळींनी लॉबीत बसू नये, पाहुण्यांना बरं दिसत नाही. दोन्ही ठरावांच्या इतिवृत्तावर माझी सही आहे.

पुढच्याच मे महिन्यात एका सदस्यांचा ड्रायव्हर दुपारी तळघराच्या शेवटच्या कोपऱ्यात, काचा बंद करून, एसी लावून गाडीत बसला. दीड तास. वॉचमन सहज फेरीला गेला तेव्हा तो अर्धवट शुद्धीत होता, त्याला उलटी झाली होती आणि उभं राहता येत नव्हतं. वॉचमनने दार उघडलं, इंजिन बंद केलं आणि त्याला ओढत रॅम्पवर मोकळ्या हवेत आणलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी बंद जागेत चालू होती का?" ऑक्सिजनवर ठेवल्यावर तो सावरला. मेकॅनिकने गाडी उचलून बघितली तर मागच्या सीटखाली सायलेन्सरचा पाइप गंजून फुटलेला होता.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग झोप येते. माणसाला वाटतं उन्हाने किंवा पित्ताने होतंय, आणि तो एसी वाढवून पडून राहतो. कोविडमध्ये आपण सर्वांनी बोटाला लावायचं यंत्र घेतलं. इथे ते फसवतं, ऑक्सिजन व्यवस्थित दाखवतं. कारण साधं यंत्र ऑक्सिजन आणि हा वायू यांत फरक करू शकत नाही. रक्ताचीच तपासणी लागते. तेव्हा डॉक्टरांना "गाडी चालू होती" हे सांगायला विसरू नका. रुग्णवाहिकेचा नंबर 108.

"आमची गाडी नवी आहे, पीयूसी आहे" असं म्हणाल. पीयूसीत शेपटीच्या टोकाचा धूर तपासतात. मधे पाइप फुटला असेल तर ते त्यात कळेलच असं नाही. आणि धूर स्वच्छ करणारं यंत्र तापल्यावरच नीट काम करतं, गाडी सुरू केल्या केल्या नाही. बंद जागेत नव्या गाडीचंही इंजिन चालू ठेवू नये. गाडीत धुराचा वास आला, खालून फटफट आवाज वाढला, किंवा गेटवरच्या आपल्या प्रसिद्ध स्पीडब्रेकरला पोट घासलं, तर पाइप तपासून घ्या. डिकी उघडी ठेवून सामान नेऊ नका, मागचा धूर आत ओढला जातो.

पावसाळ्याचंही एक सांगतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी काही माणसं मोटारीतच अडकून गुदमरून गेली. पाणी चढतं, काचा आणि कुलपं विजेवरची, ती चालेनाशी होतात. पाण्यात गाडी घालू नका. अडकलातच तर काचा बंद करून एसीत वाट पाहत बसू नका. दार उघडतंय तोवर गाडी सोडून बाहेर या. काच फोडायची छोटी हातोडी हाताशी ठेवा, डिकीत नको. फोडायची ती बाजूची काच, कोपऱ्यात. समोरची सहसा फुटून मोकळी होत नाही.

आता शेवटचं. त्या प्रसंगानंतर पंखे पुन्हा दिवसभर सुरू झाले, तळघरात पाटी लागली, "इंजिन चालू ठेवून गाडीत बसू नये." चांगलं झालं. पण तो ड्रायव्हर तिथे का बसला होता, याचं उत्तर पाटीत नाही. त्याला बसायला दुसरी जागाच नव्हती. ती आपण काढून घेतली होती. लॉबीचा तो ठराव आजही इतिवृत्तात तसाच आहे.

रौप्यमहोत्सवासाठी निधी जमतो आहे. रोषणाई होईल, जेवण होईल, ही स्मरणिका निघेल. माझी विनंती एवढीच, की गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली एक शेड, दोन बाकं, एक पंखा आणि पिण्याच्या पाण्याचा नळ, एवढं याच वर्षी व्हावं. जुना ठराव रद्द करण्याची सूचना मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. बाकाचा खर्च माझ्या पेन्शनमधून मी देईन, कारण ती सही माझी होती.

आणि आज दुपारी कुठे बाहेर निघणार असाल, तर मागे बसलेल्यांनी बेल्ट लावा. तोंड फुगवून लावला तरी चालतो, मी लावला होता.

जय हिंद.