चूल, कूड आणि मधले अंतर
(प्राथमिक शिक्षकांसमोरील भाषण)



माजिवडे म्हटले की आज घोडबंदर रस्त्याचा नाका, उड्डाणपूल आणि उंच इमारती डोळ्यांसमोर उभ्या राहतात. तेथील स्वयंपाकघरांत गॅस आहे आणि चुलीचा विषय तेथे जुनाट वाटेल. परंतु त्याच ठाणे शहराच्या हद्दीत येऊरच्या डोंगरावर पाडे आहेत. पुढे शहापूर, मुरबाडकडे गेले की कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरे अजून दिसतात, आणि त्यांतील चूल बहुधा कुडाला चिकटूनच मांडलेली असते. जागा कमी, आणि मधोमध चूल मांडली तर वावरायचे कोठे, हा गृहिणीचा प्रश्न खोटा नाही. तथापि चूल आणि कूड ह्यांमधले अंतर ही हौसेची गोष्ट नव्हे, हे शाळेतून सांगितले गेले पाहिजे. कारण चूल आता शाळेतही आली आहे.

शालेय पोषण आहाराची योजना देशभर १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाली. शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. मुलांच्या पोटात ऊन खिचडी जाऊ लागली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्याबरोबर शाळेच्या आवारात रोजचा विस्तवही आला. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली, ती शाकारलेल्या छपराला पोहोचली आणि ९४ मुले दगावली. ९४ म्हणजे आपल्याकडील एखाद्या वाडीवरची सबंध शाळा. ह्या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेविषयी निर्देश दिले. स्वयंपाकाची खोली वर्गांपासून वेगळी असावी, हा नियम ज्यांना कागदी वाटतो, त्यांनी तो आकडा एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा.

ज्वाला भिंतीला लागली तरच भिंत पेटते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. लाकूड एरवी अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास पेट घेते; परंतु तेच लाकूड वर्षानुवर्षे शंभर अंशांच्या जवळपास तापत राहिले, तर त्यातील ओलावा व वायुरूप द्रव्ये निघून जातात, ते आतून काळे, कोळशासारखे होत जाते आणि पुढे पुष्कळच कमी उष्णतेवर धुमसू लागते. म्हणून ‘वीस वर्षे चूल येथेच आहे, काही झाले नाही’ हे वाक्य धीर देणारे नसून सावध करणारे आहे. कुडावरचा मातीचा लेप ठिणगी अडवतो, हे खरे. पण लेपाला मागच्या कारवीचा आधार असतो. लेप तापला की कारवी तापते. लेपाला भेग पडली तर मग विचारायलाच नको.

अंतर किती असावे? अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकात लाकडावर चालणाऱ्या बंद लोखंडी शेगडीपासून जळाऊ भिंतीपर्यंत ३६ इंच, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर मोकळी जागा सांगितली आहे. आपल्या मापाने हे दोन हात झाले. आपली चूल तर उघडी; तिच्यातून ज्वाला व ठिणग्या बाहेर येतात. तेव्हा दोन हात हे कमीत कमी समजावे आणि भिंतीच्या संरक्षणाची सवलत घेताना हात आखडता ठेवावा.

ती सवलत अशी. भिंतीपुढे साधा जस्ताचा पत्रा उभा करून पत्रा आणि भिंत ह्यांमध्ये एक इंच पोकळी ठेवली, व ती खालून-वरून उघडी राहिली, तर ३६ इंचांचे अंतर १२ इंचांपर्यंत आणता येते. चार बोटे जाडीची वीटभिंत पोकळी न ठेवता कुडाला लावून बांधली, तर मात्र ते २४ इंचांपर्यंतच कमी होते. चौथीच्या मुलालाही येथे नवल वाटेल: जाड वीट कमी उपयोगी आणि पातळ पत्रा अधिक! कारण पत्र्याचे नव्हे, पोकळीचे आहे. पत्र्यामागची हवा तापते, वर निघून जाते, खालून थंड हवा आत येते आणि उष्णता भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. पत्रा थेट कुडाला ठोकला तर हे सारे व्यर्थ. आणि अशी चूकच सर्वत्र आढळते. पत्र्यामागे नळीचे इंचभर लांब तुकडे घालून मग खिळे मारावेत, ते चुलीच्या अगदी पाठीमागे येऊ देऊ नयेत, आणि खालची फट शेणसारवणाने बुजू देऊ नये.

आणखी एक. अंतर पत्र्यापर्यंत मोजायचे नसून मागच्या कुडापर्यंत मोजायचे असते. पत्रा इतका रुंद व उंच असावा की त्याच्या कडेबाहेर उघडा राहिलेला कूडही चुलीपासून तिरक्या मापाने दोन हात दूर पडेल. जुन्या पुस्तकांत ह्या कामी ॲस्बेस्टॉसचा पत्रा सुचवलेला आढळतो; त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असल्याचे आता निश्चित झाले आहे, तेव्हा तो वापरू नये, फोडू-कापू तर नयेच. चुलीला ओढ्यातले ओले गोटेही लावू नयेत. आतले पाणी वाफ होऊन ते फुटतात.

धुराची लोखंडी नळी बसवली असेल तर तीही तितकीच तापते हे लक्षात ठेवावे. एकेरी नळीपासून जळाऊ वस्तू १८ इंच, म्हणजे एक हात दूर हवी. गवताच्या छपरातून नळी बाहेर काढणे हा शुद्ध अविचार होय. ओल्या लाकडाच्या धुराने नळीत डांबरासारखा थर साचतो आणि तोही पेटतो. तो वेळोवेळी खरवडावा.

आता पावसाळ्याचे बोलले पाहिजे, कारण खरा प्रसंग तेथेच येतो. जुलैत लाकूड भिजते, चूल धुमसते, दीडशे मुलांची खिचडी वेळेवर व्हायची असते; मग स्वयंपाक करणाऱ्या बाई ओली लाकडे चुलीच्या कडेला वाळत लावतात. कधी वर माळ्यावर ठेवतात. भिंत दोन हात दूर ठेवून उपयोग काय, जर लाकडाचा ढीग एक वीत अंतरावर आला! त्यांना रागे भरणे सोपे आहे, पण दोष ओल्या लाकडाचा आहे, आणि ते ओले राहिले ह्याचा विचार मुख्याध्यापकांनी वैशाखात करायचा असतो. जमिनीपासून उचललेली, वरून झाकलेली लाकडांची जागा चुलीपासून दूर, पण बाईंना भिजत जावे लागणार नाही इतकी जवळ करावी.

वर्गात हा विषय मोजमापाच्या तासाला सहज येतो. मुलांनी घरून चुलीपासून कुडापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून आणावे, हात व सेंटिमीटर दोन्हींत लिहावे. मात्र ते चूल विझलेली असताना आणि घरचे मोठे माणूस जवळ असताना. कोणाचे अंतर कमी भरले म्हणून वर्गात हसू होता कामा नये. ते घर लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा घरी गुरुजींनी एकदा संध्याकाळी जावे, चूल तासभर पेटलेली असताना कुडाच्या बाहेरच्या अंगाला तळहात लावून पाहावा आणि घरातल्या आजींनाही लावायला सांगावा. हात ठेववत नसेल तर पत्रा व पोकळी ह्यांविषयी फार व्याख्यान द्यावे लागत नाही.

शाळेच्या चुलीची राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून तो डबा मातीवर, भिंतीपासून दूर ठेवावा. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो, आणि शनिवारी दुपारी शाळा बंद झाली की सोमवारपर्यंत तेथे पाहायला कोणी नसते.