आधी बोंड फोडा, मग फोनला विचारा



हल्ली पारावर बसलेल्या चार माणसांपैकी दोघांच्या हातात मोबाईल असतो आणि त्या मोबाईलमध्ये आता बोलणारा मास्तर आलेला आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय, असे म्हणतात. आपल्या कृषी विभागाने २०२५ साली 'महाविस्तार' नावाचे ॲप सुरू केले. त्यात मराठीतून प्रश्न विचारता येतो. याशिवाय कशावरही उत्तरे देणारी इतरही साधने फोनमध्ये आलेली आहेत. प्रश्न असा, की या मास्तरकडून एखादे काम लवकर कसे शिकावे?

उदाहरण आपल्या पऱ्हाटीचेच घेऊ. गुलाबी बोंडअळी ओळखणे ही एक विद्या आहे. २०१७ च्या हंगामात या अळीने आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे काय केले ते कोणाला सांगायला नको. ही अळी लबाड. अंड्यातून निघाली की बारीक छिद्र पाडून बोंडात शिरते, छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. वावरातून नुसती चक्कर मारणाऱ्याला काहीच कळत नाही. शेतीशाळेत हे शिकवतात, पण शंका येते रविवारी आणि शेतीशाळा भरते गुरुवारी. फोनचा उपयोग आहे तो या मधल्या दिवसांत.

आता पद्धत सांगतो. आधी वावरात जा. एका एकरातून वेगवेगळ्या वीस झाडांची, निबर न झालेली, मध्यम वयाची वीस हिरवी बोंडे तोडा. धुऱ्यावर बसून एकेक फोडा आणि आत काय दिसले ते स्वतः ठरवा. त्यानंतर फोनला विचारा. "कपाशीवरच्या अळीची माहिती सांग" असे मोघम विचाराल तर मोघमच उत्तर येईल. असे विचारा: "बोंडात पांढुरकी बारीक अळी आहे, डोके काळपट आहे, अंगावर गुलाबी रंग नाही. ही गुलाबी बोंडअळी असू शकते का? कशावरून?" इथे बरेच जण फसतात. ही अळी लहानपणी पांढरीच असते, गुलाबी रंग पुढे मोठी झाल्यावर चढतो. "गुलाबी नाही, म्हणजे ती नव्हे" असे म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि आठ दिवस हातचे जातात. "कशावरून" हा शब्द मात्र विसरू नका. नुसते उत्तर घेतले तर एका दिवसाचे काम होते. कारण समजून घेतले तर पुढच्या वर्षी फोन काढावाच लागत नाही.

दुसरी युक्ती मला स्वतःला फार आवडते. फोनलाच आपली परीक्षा घ्यायला सांगा. "मला बोंडअळीवर एकेक प्रश्न विचार, चुकलो तर का चुकलो ते सांग." संध्याकाळी दहा मिनिटे पुरेत. डोमकळी म्हणजे काय, कामगंध सापळ्यात रोज किती पतंग आले तर सावध व्हायचे, असे प्रश्न येतील. सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी आठ पतंग, किंवा वीस बोंडांत दोन किडकी, ही आर्थिक नुकसानीची पातळी. ती तोंडपाठ हवी. सापळ्यातल्या पतंगांचा फोटो घेऊन मोजणी करणारे 'कॉटनएस' हे ॲपही वाधवानी एआय या संस्थेने केलेले आहे. तरी पहिले काही दिवस हाताने मोजा, मग यंत्राशी ताळा करा. यंत्राने मोजले आणि आपण नुसते पाहिले, यात शिकणे होत नाही.

एक गोष्ट आणखी. डोमकळी सर्वांत आधी दिसते ती निंदणाऱ्या बायांना. पण फोन असतो धन्याच्या खिशात. भगिनींच्या हातीही तो द्या. लिहिता आले नाही तरी बोलून विचारता येते.

आता धोक्याचे बोलतो, कारण ते जिवाशी आहे. गावात असा एखादा गडी असतोच, जो "मला माहीत नाही" असे कधी म्हणत नाही. विचाराल त्याचे ठोकून उत्तर देतो. एआयची खोड तीच आहे. त्याने पुष्कळ वाचलेले आहे, पण तुमचे वावर पाहिलेले नाही आणि चुकीचे उत्तरही तो बरोबर उत्तराच्याच ठसक्यात देतो. त्यातून औषधाची मात्रा! हेक्टरची मात्रा एकराला वापरली तर अडीचपट विष पडते. तुमचा पंप हाताचा आहे की पेट्रोलचा, हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून मात्रा फोनवरून घ्यायची नाही. ती डब्याच्या लेबलवरून आणि सोबतच्या मराठी माहितीपत्रकावरून घ्यायची. शंका असेल तर सहाय्यक कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर आहे.

२०१७ मध्येच आपल्या जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत मजुरीवर फवारणारे पुष्कळ होते. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि लेबलवरची अक्षरे मुंगीएवढी. या शेवटच्या अडचणीवर फोन खरा उपयोगी आहे. लेबलचा फोटो काढा आणि "हे मराठीत वाचून दाखव" म्हणा. आकडे मात्र घरातल्या शाळकरी पोराकडून डब्यावर पुन्हा ताडून घ्या, कारण पुसट छपाईत यंत्रही चुकते. लेबलवरचा रंगीत त्रिकोण तर निरक्षरालाही कळतो. लाल अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नाही. फवारणाऱ्या गड्याला हे शिकवण्याची जबाबदारी त्याला कामावर लावणाऱ्याची आहे, असे मी स्पष्टच म्हणतो.

आणि फवारताना कोणाला चक्कर, उलटी, घाम, अंधारी असे काही झाले तर त्या वेळी फोनला लक्षणे विचारत बसू नका. काम थांबवा, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा. डब्यावरचे नाव पाहिले की डॉक्टरांना उतारा लवकर ठरवता येतो. गाडीसाठी १०८ लावा.

या आठवड्यात वीस बोंडे फोडून पाहा. किती किडकी निघाली आणि फोनने काय सांगितले, ते वहीत तारखेसह शेजारी-शेजारी लिहा. पुढच्या शेतीशाळेला ती वही घेऊन या. दोन्हींत फरक पडला असेल तर आपण बोंड पुन्हा फोडून पाहू.