प्रेमिकाचा अपराध



तमिळ चित्रपटांतील सदोष प्रेमनायकांचा विषय कोडोलीसारख्या मराठी गावास परका वाटण्याचे कारण नाही. कारण त्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नट रजनीकांत हे बंगळूरच्या एका मराठी घरात १९५० साली जन्मलेले शिवाजीराव गायकवाड होत. के. बालचंदर यांच्या १९७६ मधील ‘मूंड्रु मुडिच्चु’ या चित्रपटात त्यांनी रंगविलेला प्रसाद, ज्या तरुणीवर त्याचे मन जडले आहे तिचा प्रियकर डोळ्यांदेखत पाण्यात बुडत असता, पोहता येत असूनही येत नाही असे सांगून होडीतच बसून राहतो. त्याच्या हातून शस्त्र उचलले जात नाही, कोणत्याही दप्तरी त्याच्या नावे गुन्हा नोंदला जाण्याजोगा नाही. आणि तरीही त्याचे प्रेम त्या क्षणापासून कलंकित झालेले आहे.

या प्रसादाशेजारी मला आपला एक नायक उभा करावयाचा आहे. शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ हा चित्रपट १९७२ सालचा. कथा अनंत माने यांची, संवाद आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचे आणि नायक गुरुजींची भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. गावाला वळण लावणारा हा आदर्श शिक्षक तमाशाचा फड गावाबाहेर घालवितो, पुढे त्याच फडातील चंद्रकलेच्या मोहात सापडतो, ओळख न पटणाऱ्या एका प्रेतास गाव गुरुजींचे प्रेत समजून त्यांचा पुतळा उभारते, आणि जिवंत गुरुजी अखेर गुरुजींच्याच खुनाच्या आरोपावरून फाशीची शिक्षा पत्करतो. याचे मूळ १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटात आहे खरे. परंतु पुतळा आणि स्वतःच्याच खुनाचा खटला ही या मराठी कथेची स्वतःची कमाई आहे, आणि माझ्या मते तिचे सारे नैतिक वजन तेथेच साठलेले आहे.

गुरुजी तमासगिरिणीच्या नादी लागून अधःपतित झाले, असा या कथेचा अर्थ आपण फार सहजपणे लावतो. मला तो मुळीच मान्य नाही. पोटासाठी नाचणाऱ्या बाईला रोगराईसारखे वेशीबाहेर काढताना तिचा एक शब्दही ऐकून घेण्याचा मुलाहिजा ज्याने राखला नाही, त्याच्या अपराधाचा आरंभ त्या हुकुमात झाला आहे, प्रेमात नव्हे. उलट, फडाबरोबर हिंडताना अपमान गिळणारा, मिळेल ते काम करणारा हा मनुष्य प्रथमच कोणाच्या तरी बरोबरीने जगतो. त्याचे प्रेम हाच त्याच्या चरित्रातील सर्वांत निष्कपट भाग आहे. १९३९ च्या ‘माणूस’ या चित्रपटातील गणपत शिपाई वेश्यागृहातील मैनेला घरी न्यावयास निघतो, तेव्हा निदान तिच्या नावाने आपली अब्रू पणास लावतो, गुरुजींना ते धैर्य होत नाही.

न्यायासनासमोर गुरुजी आपली खरी ओळख सांगत नाहीत, याला आपण त्याग म्हणतो. गावाची श्रद्धा भंगू नये हा हेतू उदात्त आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु होडीतील प्रसाद जसा मौनाने एका जिवास बुडू देतो, तसेच हे मौनही चंद्रकलेस बुडविते. पुतळा निष्कलंक राहावा म्हणून तिचे प्रेम कोठेही नोंदले जात नाही, आणि ज्या गावाने तिला हाकलले त्याला आपण चुकलो हे कधीच कळत नाही.