आधी घरची कणगी, मग बाजार



१९८० साली उजनी धरण पुरे झाले, रानाला पाणी आले आणि आपल्या पंढरपूर तालुक्यात ऊस वाढला. पण उसाचा पैसा येतो वर्षातून एक-दोनदा. चूल रोज दोन वेळा पेटते. मग ज्वारी, डाळ उधारीवर आणायची पाळी येते. तंगी आली की आधी डाळ पातळ होते, आणि शेवटी जेवणाऱ्या माउलीला कोरडी भाकरीच उरते.

जरा हिशेब मांडा. पाच माणसांना रोज दोन किलो ज्वारी धरली, तर वर्षाला सव्वासात क्विंटल लागते. रोज पाव किलो डाळ-कडधान्य म्हणजे नव्वद किलो. तेवढ्यापुरता एक तुकडा उसातून मोकळा ठेवा. रब्बीला मालदांडी पेरा. कडबा जनावरांना होईल. पावसाळ्यात हलक्या रानात हुलगा, मटकी टाका. बांधावर शेवगा लावा. त्याच्या पाल्यात लोह आणि अ जीवनसत्त्व असते.

नुसत्या भाकरीने पोट भरते, अंग भरत नाही. ज्वारीच्या प्रथिनातली उणीव डाळी-हुलग्याने भरून निघते. म्हणून माडगं, शेंगोळी, मोडाची मटकी यांना गरिबाचं खाणं म्हणून हिणवू नका.

रेशनचे धान्य पात्र कुटुंबांना जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. तेही सोडू नका.

मळणी झाली की आधी कणगी भरा, उरेल ते बाजारात न्या. आणि डाळीची वाटी घरच्या माउलीलाही पहिल्या पंगतीतच वाढा.